लांब पल्ल्याची धाव : बुटाची पारख आणि पायांची तयारी

गादीवर बसून धंदा करणारा माणूस दिवसाचे आठ-दहा तास मांडी घालून बसतो. यंत्रमागावरचा कारागीर तेवढेच तास एका जागी उभा असतो. दोघांचेही चालणे कमी. चाळिशी उलटली की रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखी ही तीन नावे आपल्या घराघरांत ऐकू येऊ लागतात. अलीकडे मात्र आपल्या बाजारपेठांतही फजरच्या नमाजनंतर मैदानाकडे वळणारी माणसे दिसू लागली आहेत. काही जण नुसते चालतात, काही धावतात आणि त्यांतले काही शर्यतीत नावही नोंदवतात.

महाराष्ट्रात अशा शर्यती आता बऱ्याच आहेत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून होते आणि ती यवतेश्वरच्या घाटातून जाते. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. अर्धी म्हणजे २१ किलोमीटर आणि थोडे वर. नवख्यांसाठी बहुतेक ठिकाणी दहा किलोमीटरची किंवा त्याहून लहान शर्यतही असते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बूट कोणता घेऊ? तयारी किती दिवस करावी लागेल, हे तो नंतर विचारतो, किंवा विचारतच नाही. पैसा पहिल्या प्रश्नावर खर्च होतो आणि दुखापत दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याने होते. म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र करू. या लिखाणाचे सार एका ओळीत सांगायचे तर असे : बूट पायाच्या मापाने घ्यावा, कंपनीच्या नावाने घेऊ नये, आणि अंतर असे वाढवावे जसे शहाणा व्यापारी उधारी वाढवतो, थोडे थोडे, पहिले वसूल झाल्यावर.

बूट म्हणजे काय माल आहे?

मी कापडाचा व्यापारी आहे, बुटांचा नाही. पण माल पारखण्याची रीत सगळीकडे एकच. आधी त्याचे भाग वेगळे करून पाहावेत आणि कोणता भाग काय काम करतो ते समजून घ्यावे.

धावण्याच्या बुटाचे मुख्य भाग चार. सर्वांत खाली जमिनीला लागणारा रबराचा थर. त्याचे काम पकड देणे आणि झीज सोसणे. त्याच्यावर फोमचा जाड थर, तो बहुधा ईव्हीएचा किंवा त्याच जातीच्या हलक्या फोमचा असतो. बुटाची खरी किंमत या थरात असते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीवर पडतो आणि एका किलोमीटरमध्ये साधारण हजाराच्या वर पावले पडतात. सत्तर किलोच्या माणसाने हिशेब करून पाहावा. हा भार फोमचा थर थोडा थोडा पसरवून घेतो. तिसरा भाग आतला सुकतळा आणि चौथा वरचा, म्हणजे पायाला धरून ठेवणारे कापड.

बाजारात पीव्हीसी सोलचे स्वस्त बूट ‘स्पोर्ट्स शूज’ म्हणून विकले जातात. दिसायला ते हुबेहूब धावण्याच्या बुटासारखे असतात. पण पीव्हीसी जड असते, ओल्या फरशीवर घसरते आणि भार घेत नाही. दुकानात बसायला किंवा बाजारात जायला ते ठीक आहेत, लांब धावायला नाहीत. पारख सोपी आहे. बूट हातात घेऊन वजन पाहावे. अंगठ्याने फोमचा थर बाजूने दाबावा, तो दबून परत आला पाहिजे. मग बूट वाकवून पाहावा. बोटांच्या सांध्याजवळ जिथे पाऊल वाकते तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट पायाला आधार देत नाही. टाचेचा मागचा कप दाबून पाहावा, तो लगेच चेपता कामा नये.

वरच्या कापडाबद्दल आपल्या व्यवसायातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ते बहुधा पॉलिएस्टरचे विणलेले जाळीदार कापड असते. उजेडापुढे धरावे म्हणजे हवा खेळती राहील की नाही ते कळते. आडवे-उभे ओढून पाहावे. एका अंगाने फार ताणले जाणारे कापड थोड्याच दिवसांत सैल पडते आणि पाय आत सरकू लागतो. जिथे कापड सोलला चिकटवले आहे तिथे गोंदाची रेघ सलग आहे का तेही पाहावे. बूट आधी तिथेच उघडतो.

एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी. धावण्याच्या बुटात चामडे जवळजवळ नसतेच. पण रोजच्या वापराच्या काही चामडी बुटांत आतले अस्तर डुकराच्या कातड्याचे असू शकते. त्या कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या गटात, त्रिकोणासारखी दिसतात. चामड्याचे कारागीर हे ओळखतात. शंका असेल तर विचारून घ्यावे.

माप : येथेच सर्वांत जास्त चूक होते

बूट खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभराच्या कामाने पाय थोडा फुगलेला असतो आणि धावतानाही तो तसाच फुगतो. धावताना जे मोजे घालणार तेच घालून माप द्यावे. दोन्ही पाय मोजावेत. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. बूट मोठ्या पायाला बसला पाहिजे. माप उभे राहून घ्यावे, कारण भार पडला की पाऊल लांब आणि रुंद होते.

सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी असावी. लक्षात ठेवा, सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. ही जागा ठेवली नाही तर उतारावर बोटे पुढे आपटतात आणि नखे काळी पडतात. आपल्याकडे साधारणपणे इंग्लंडचे नंबर चालतात. त्यात एका नंबरचा फरक एक-तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. अमेरिकन नंबर पुरुषांच्या बुटात साधारण एकाने जास्त असतो, म्हणजे आपला आठ तो त्यांचा नऊ. डब्यावर सेंटीमीटरचे मापही छापलेले असते, ते सर्वांत भरवशाचे. चामड्याच्या बुटात आपला नंबर आठ आहे म्हणून धावण्याच्या बुटातही आठच असेल असे धरून चालू नये. पुष्कळांना अर्धा किंवा एक नंबर वरचा लागतो.

लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा आपले पाऊल पाश्चात्त्यांपेक्षा पुढच्या बाजूला रुंद असल्याचे दिसून आले. आयुष्यभर चप्पल वापरलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. परदेशी कंपन्यांचे बूट त्यांच्या देशातल्या पावलांच्या फर्म्यावर, म्हणजे कलबुतावर, बेतलेले असतात. पुरुषांच्या बुटात ‘डी’ म्हणजे साधारण रुंदी, ‘टू-ई’ म्हणजे रुंद आणि ‘फोर-ई’ म्हणजे त्याहून रुंद. बूट करंगळीला दाबत असेल तर ‘घालून घालून सैल होईल’ हे विक्रेत्याचे बोलणे मानू नये. चामडे सैल होते, पॉलिएस्टर आणि फोम तसे होत नाहीत.

काही दुकानांत तळव्याचा ठसा घेऊन ‘तुमचा पाय सपाट आहे, तुम्हाला अमुक जातीचाच बूट लागेल’ असे सांगतात. अमेरिकन सैन्याच्या नव्या भरतीतील हजारो जवानांवर याची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००९-१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. तळव्याच्या आकारावरून बूट दिलेल्यांत आणि सर्वांना एकाच जातीचा बूट दिलेल्यांत दुखापतींचा विशेष फरक आढळला नाही. पायाचा जुना आजार असेल तर हाडांच्या डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी बूट घालून दुकानात दहा पावले धावून पाहावे. पहिल्या मिनिटाला जो बूट पायाला सुखाचा वाटतो तोच बहुधा योग्य.

किती पैसे घालावेत?

वस्तू आणि सेवा करात २२ सप्टेंबर २०२५ पासून बदल झाला. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर पाच टक्के आणि त्यावरच्या जोडावर अठरा टक्के कर झाला. त्यामुळे देशी कंपन्यांचा साधा चांगला बूट गिऱ्हाइकाला पूर्वीपेक्षा परवडण्याजोगा झाला. आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर धावणाऱ्याला तेवढा बूट पुरतो. अंतर वाढले की पुढचा विचार करावा.

दुसऱ्या टोकाला कार्बनची पट्टी घातलेले बूट आहेत. २०१७ पासून ते बाजारात गाजू लागले आणि मॅरेथॉनच्या वेळा भराभर खाली आल्या. इतक्या, की २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि पट्टी एकच, असा नियम घालावा लागला. हे बूट महाग आहेत, लवकर झिजतात आणि वेगाने धावणाऱ्यासाठी बनवलेले आहेत. पहिल्या वर्षी त्यांवर पैसे घालणे म्हणजे दुकान उघडण्याआधी पाटीवर भांडवल संपवणे.

बूट पाय बनवीत नाही, याची साक्ष इतिहासात आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पुन्हा जिंकला. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ही शर्यत जिंकणारा अल्जेरियात जन्मलेला बुगेरा अल् वाफी फ्रान्समधील मोटार कारखान्यात कामगार होता. आपण अनवाणी धावावे असा याचा अर्थ नाही. बिकिलाचे पाय लहानपणापासून तसे तयार झाले होते, आपले नाहीत. अर्थ एवढाच की मेहनत आधी, माल नंतर.

आता ‘फर्स्ट कॉपी’बद्दल. मोठ्या कंपनीचे नाव, रंग, खूण सगळे जुळते आणि किंमत चौथाई. आत फोमऐवजी काय भरले आहे ते कोणीच सांगू शकत नाही. घेणाऱ्याचे गुडघे जातात. विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे खोट्या खुणेचा माल विकणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याच पैशात स्वतःच्या नावाने विकला जाणारा देशी बूट दोघांच्याही हिताचा.

डब्यावरचा तयार झाल्याचा महिना आणि साल वाचावे. सवलतीच्या सेलमध्ये तीन-चार वर्षे गोदामात पडलेला माल येतो. फोम आणि गोंद वापराविनाही कडक होतात. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. वजनदार माणसाचा लवकर संपतो. वरून नवा दिसला तरी फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या, किंवा धावून आल्यावर पूर्वी न दुखणारी नडगी दुखू लागली, की तो रोजच्या वापराला काढावा. घेतल्याची तारीख आणि धावलेले किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.

मोज्यांत कंजुषी नको

फोड येण्याचा दोष लोक बुटाला देतात. पुष्कळदा दोषी मोजा असतो. कापडवाल्यांना माहीत आहे की साधारण हवेत सूत साडेआठ टक्के ओलावा धरते आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. ओले कापड आणि ओली कातडी तासभर एकमेकांवर घासली की फोड ठरलेला. म्हणून लांब धावण्यासाठी नायलॉन-पॉलिएस्टरचे, पायाला बेताने घट्ट बसणारे मोजे घ्यावेत. मोजा उलटा करून बोटांवरची शिवण पाहावी, ती जाड असेल तर सोडून द्यावा. सदऱ्यालाही हेच लागू. जिथे मांडी मांडीला किंवा बाही काखेला घासते तिथे धावण्याआधी व्हॅसलीन लावावे.

पावसात बूट भिजला तर सुकतळा काढून आत वर्तमानपत्राचा कागद कोंबावा आणि पंख्याखाली वाळवावा. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवला तर गोंद सुटतो.

तयारी : घाई करणाऱ्याचे नुकसान

चाळिशीच्या पुढचे, साखर किंवा रक्तदाब असलेले, तंबाखू-बिडीचे व्यसन असलेले किंवा घरात हृदयविकार असलेले, यांनी धावण्याआधी डॉक्टरांकडे जावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर धावताना एकाएकी उतरू शकते, म्हणून डोस आणि वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर असे काही झाले तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. मर्दुमकी दाखवण्याची ती जागा नाही. आपल्यावर घर अवलंबून असते.

अर्धमॅरेथॉनसाठी, म्हणजे २१ किलोमीटरसाठी, अगदी नव्या माणसाने सहा-सात महिने धरावेत. जानेवारीची शर्यत असेल तर जुलैच्या सुरुवातीला कामाला लागावे.

पहिले चार आठवडे फक्त चालणे, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा ते पाऊण तास, झपझप. पुढचे दहा आठवडे चालणे आणि धावणे आलटून पालटून, आठवड्यातून तीन-चार दिवस. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे अर्धा तास. दर आठवड्याला धावण्याची मिनिटे थोडी वाढवावीत. दहाव्या आठवड्याच्या शेवटी पाच किलोमीटर न थांबता, सावकाश धावता आले पाहिजे. आले नाही तर तोच आठवडा पुन्हा करावा. त्यात लाज नाही.

त्यानंतर चौदा आठवडे खरी तयारी. आठवड्यातून दोन-तीन दिवस चार ते सहा किलोमीटर आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब धाव. लांब धावेची किलोमीटरची चढण अशी ठेवता येईल : ६, ७, ८ आणि मग ६, ९, १०, १२ आणि मग ९, १३, १५, १७ आणि मग १२, शेवटी १८, मग १० आणि त्यापुढच्या रविवारी शर्यत. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम उतरवले आहे. धावल्याने स्नायू आणि हाडे थकतात, ती मजबूत होतात विश्रांतीत. दम आठ-दहा आठवड्यांत वाढतो, पण हाडे, सांधे आणि स्नायूंच्या दोऱ्या तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. ‘दम आहे’ म्हणून अंतर एकदम वाढवणारे याच फरकात अडकतात. आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावे, असा धावणाऱ्यांत जुना ठोकताळा आहे.

वेग किती असावा? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच. पाचांतल्या चार धावा अशा सावकाश असाव्यात. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. आठवड्यातून दोनदा घरीच उठाबशा आणि पायरीवर उभे राहून टाचा उचलण्याचा व्यायाम करावा, गुडघे आणि पोटऱ्या त्याने सावरतात. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ, नडगीवर बोटभर जागेत दुखणे किंवा लंगडावे लागेल असे काहीही असले तर धावणे बंद ठेवावे. आठ दिवसांत बरे वाटले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

पूर्ण ४२ किलोमीटरचा विचार एक-दोन अर्ध्या शर्यती नीट पार पडल्यावर, दुसऱ्या वर्षी करावा. तीस किलोमीटरच्या आसपास शरीरातला साखरेचा साठा आटतो आणि भले भले तिथे बसतात.

पाणी, खाणे आणि रमजान

आपल्याकडे हवेत उष्मा आणि दमटपणा असतो, म्हणून सूर्य वर येण्याआधी धाव संपवावी. तासाभरापेक्षा लांब धावेत पाणी थोडे थोडे घ्यावे आणि त्यात मीठ-साखर असावी. तहान नसताना साधे पाणी पोटभर पीत राहिल्यानेही रक्तातले मीठ उतरते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. दीड तासाच्या वर धावायचे असेल तर मध्ये खजूर किंवा केळे चालते, पण ते आधी सरावात खाऊन पाहावे.

रमजानमध्ये तयारी वाढवू नये, टिकवावी. इफ्तारच्या आधी वीस-तीस मिनिटे हलके धावणे किंवा तरावीहनंतर थोडे, एवढे पुरे. लांब धाव ईदनंतर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. चांद्र हिशेबाने २०२९ आणि २०३० मध्ये जानेवारीचा तिसरा रविवार रमजानमध्ये येतो. ज्यांना मुंबईची शर्यत धावायची आहे त्यांनी त्या वर्षांची तारीख आधी पाहून डिसेंबरमधली दुसरी एखादी शर्यत निवडण्याचा विचार करावा.

शर्यतीच्या दिवशी

त्या दिवशी नवे काहीही नको. नवा बूट, नवे मोजे, नवा खाऊ, काहीच नाही. बूट निदान पन्नास किलोमीटर वापरलेला असावा. पहिले पाच किलोमीटर गर्दीच्या जोरावर माणूस वेगात निघतो. ते आवरावे आणि सरावातल्यापेक्षाही सावकाश निघावे. शेवटी दम उरला तर तिथे खर्च करावा.

ज्यांना शर्यत धावायची नाही त्यांनीही पहिले चार आठवडे जरूर करून पाहावेत. त्यासाठी खास बूट लागत नाही, पायात बसणारी कोणतीही साधी मऊ जोडी चालते. दुकान उघडण्याआधीचा अर्धा तास लागतो, तो प्रत्येकाकडे आहे.